माझ्या नावाचा जंतू

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. आता गुडघे गेले, आणि पाहायची हौसही राहिली नाही. पण समुद्रातल्या माशांच्या मांसात राहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जंतू मी जितके पाहिले तितके आमच्या धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या कुणी पाहिले नसतील, हे छातीवर हात ठेवून सांगतो. उजवा डोळा त्यातच गेला. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू आहे, त्याचा आणि तुमच्या कामाचा काही संबंध नाही. त्यांचं त्यांना माहीत.

संपादकांनी सांगितलं, दिवाळी अंक आहे, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती दोन-तीन आहेत, त्या लिहितो. पण बसलं की तीच एक गोष्ट पुढं येते, आणि ती गमतीची नाही. तिनं मला फार दमवलं. लिहून तरी हलकं वाटतं का बघू.

माझं गाव लोहाऱ्याच्या बाजूला. चौथीपर्यंत उर्दूत शिकलो, मग निजाम गेला आणि पुढचं मराठीत. पुढं आमचा मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, मग महाराष्ट्र झाला. कचेरीवरच्या पाट्या तीनदा बदललेल्या मी पाहिल्या. महाराष्ट्र झाल्यावर दोन-तीन वर्षांत सोलापूर–हैदराबाद सडकेवरच्या एका गावात कॉलेज निघालं. गावाचं नाव लिहीत नाही, सरांच्या घरची माणसं अजून आहेत. त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी लॅब असिस्टंट म्हणून लागलो. असिस्टंट नावाला. झाडलोट, पाणी भरणं, बेडूक पकडून आणणं, काचसामान धुणं, सगळं माझ्याच गळ्यात. माझा हात चित्रकलेत बरा होता, म्हणून आकृत्या काढायचं कामही माझ्याकडंच आलं.

आमचं घर लिंगायत. अंडंसुद्धा कधी उंबरठ्याच्या आत आलं नाही. आणि मला काम मिळालं ते माशांचं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिला पहिले सहा महिने मी सांगितलंच नाही, बेडकांवर भागवलं. मग वासानं तिला कळलं. तिनं आरडाओरडा केला नाही. मागच्या अंगणात एक घंगाळ ठेवलं आणि सांगितलं, कामावरून आलं की तिथं आंघोळ, कपाळाला विभूती, मगच आत. ही शिस्त मी नोकरीभर पाळली. सकाळी निघतानाही विभूतीचे तीन पट्टे कपाळावर असायचेच. मासा हातात घ्यायचा तेव्हा गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत नीट सारून, वरचं बटण लावून घ्यायचो.

धाराशिवात समुद्राचा मासा कुठून, असं कुणीही विचारेल. हा सगळा उद्योग आमच्या पाठक सरांचा. तुळजापूरकडचे, वडील शाळामास्तर, घरी आमच्यासारखंच शुद्ध शाकाहारी. पण सरांना डॉक्टरेट करायची होती, आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी विषय दिला तो समुद्री माशांच्या मांसातल्या परजीवींचा. सर रत्नागिरीला जाऊन ओळख करून आले. तिथले एक गृहस्थ माशांच्या मांसाचे तुकडे फॉर्मालिनमध्ये घालून बरण्या पाठवायचे. फॉर्मालिन म्हणजे मेलेलं सडू न देणारं औषध. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झोंबतं.

बरण्या पार्सलानं सोलापूरला यायच्या आणि मी एस्टीनं त्या घेऊन यायचो. एकदा नळदुर्गच्या अलीकडं खड्ड्यात गाडी आदळली आणि एका बरणीचं झाकण ढिलं झालं. पाच मिनिटांत अख्खी गाडी रडायला लागली. कंडक्टरनं विचारलं, ह्यात काय हाय. मी म्हणालो, मासे. त्याचा विश्वास बसेना. मासा नाकाला वास मारतो, डोळ्यांतनं पाणी काढत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. शेवटी त्यानं मला बरणीसकट टपावर चढवलं. चैत्राच्या उन्हात पुढचा सगळा रस्ता मी बोचक्यांमध्ये बरणी मांडीत धरून बसलो. उमरग्याचा एक प्रवासी उतरताना वर तोंड करून विचारतो कसा, हे औषध दम्याला चालतं का.

मग आसपासच्या गावांत माझं नाव झालं, जंतूवाला म्हणून. कुणी मेंढीचं काळीज फडक्यात बांधून आणायचं. नळदुर्गच्या एका खानावळवाल्यानं तर नदीचा मासा आणून ठेवला आणि म्हणाला, ह्यात जंतू न्हाईत असं लिहून द्या, भिंतीवर लावतो. मी सांगितलं, बाबा, मी लिहून देणारा कोण, आणि माशातले हे जंतू शिजवल्यावर माणसाला बहुतेक काही करत नाहीत. तेवढंच लिहा म्हणाला. नाही दिलं.

आता काम काय ते थोडक्यात सांगतो. माशाच्या मांसात कधीकधी तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गाठी असतात. कधी गाठी नसतात, पण मासा मेल्यावर त्याचं मांस दह्यासारखं ढिलं पडतं. दोन्ही त्या जंतूंची करणी. चिमूटभर मांस चिनी मातीच्या छोट्या खलात मिठाच्या पाण्याबरोबर घोटायचं. त्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि खुर्दबिनीखाली धरायचं. सर मायक्रोस्कोप म्हणायचे, माझ्या तोंडी खुर्दबीनच राहिली. त्यातल्या एका जातीचा जंतू वरून चार पाकळ्यांच्या फुलासारखा दिसतो. प्रत्येक पाकळीत एक दाणा, दाण्यात गुंडाळलेला धागा. निळा रंग घातला की दाणे गर्द होतात. पाकळ्या किती, दाणे सारखे की लहानमोठे, लांबी-रुंदी किती, हे पाहून कोणती जात ते ठरतं. मी आकृती काढायची, सरांनी मोजायचं, आणि जाड पुस्तकात शोधायचं की हा आधी कुणाला सापडलाय का. दिवसाला पन्नास-साठ काचा. मान धरायची, डोळ्यांपुढं तरंगायला लागायचं. एकाच प्रकारच्या फुलांत तासन्‌तास फरक शोधत बसायचं हे काम किती शिणवतं ते केल्याशिवाय कळणार नाही.

सरांच्या दृष्टीनं मात्र सगळं त्यावर टांगलेलं होतं. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. प्राचार्य कडक माणूस. तराजू फोडला म्हणून एका शिपायाला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. सरांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की येत्या वर्षात डॉक्टरेट झाली तर कायम करू, नाहीतर दुसरा माणूस बघू. सरांचे मार्गदर्शकही निवृत्तीला आले होते. प्रबंधात नवं काही नव्हतं, सगळ्या आधीच नोंदलेल्या जाती. एखादी नवी जात मिळाली तर प्रबंध उभा राहील, असं सर रोज म्हणायचे.

आणि ती मिळाली. सुरमईच्या एका बरणीत. नेहमीच्या जंतूच्या दुप्पट मोठा, काचेसारखा पारदर्शक, स्वच्छ चार पाकळ्या. काही ठिकाणी आडवा पडलेला, तो डमरूसारखा दिसायचा. दाण्यांना निळा रंग तेवढा चढत नव्हता. सर म्हणाले, फॉर्मालिनमध्ये फार दिवस राहिलाय, आतलं विरघळलं असेल. पुस्तकं चाळली, कुठं नाही. सरांना मी इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खडूनं फळ्यावर नाव लिहिलं, आधी घराण्याचं नाव आणि पुढं मल्लप्पाई. मल्लप्पा म्हणजे मी. पहिल्यांदा तो तुमच्या नजरेला पडला, तुमचंच नाव द्यायचं, असं ते म्हणाले. जगातल्या सगळ्या पुस्तकांत ते राहणार होतं.

मी घरी जाऊन अव्वाला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "किड्याला तुझं नाव? लेकरांना ठेवायचं सोडून किड्याला?" मग थोड्या वेळानं तिनंच शेजारणीला हाक मारून सांगितलं. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू.

नंतर बांगड्यातही तो जंतू निघाला. मग हलव्यात. मग पापलेटात. सर म्हणाले, फार पसरलेली जात दिसते. मला मात्र आत कुठंतरी खटकायला लागलं. हे जंतू लई निवडक असतात, एकाला बांगडा चालतो तर सुरमई चालत नाही. सरांनीच मला ते शिकवलं होतं. पण शिकवणाऱ्याला आपण काय सांगणार.

एक दिवस विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी मी बेडकाच्या रक्ताची काच तयार केली. आमच्याच तळ्यातला बेडूक. नीट दिसतंय का म्हणून डोळा लावला, तर रक्ताच्या पेशींच्या मधोमध चार पाकळ्यांचं ते पारदर्शक फूल. समुद्रातल्या सुरमईचा जंतू आमच्या तळ्यातल्या बेडकाच्या रक्तात कसा येईल.

मला एकदम आठवलं. काचसामान धुवायला सर सोडा वापरायला सांगायचे. तीन-चार महिन्यांपूर्वी सोडा संपला होता आणि मागणीचा कागद कुठंतरी अडकला होता. तोवर मी राखेनं घासत होतो. पण सोडा होता तेव्हाही माझ्या मनाला तो पटत नव्हता, हेही खरं. माशाचं भांडं सोड्यानं स्वच्छ होईल, शुद्ध कसं होईल? आमच्याकडं भांडं शुद्ध होतं ते राखेनं. म्हणून सोडा संपला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. घरच्या चुलीतली कडब्याची आणि गोवऱ्यांची राख मी डब्यात भरून आणायचो, आणि तो खल, त्या काचा, सगळं अव्वा तांब्या घासते तसं घासून काढायचो. सरांना सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंही नव्हतं.

डब्यातली चिमूटभर राख नव्या, कधी न वापरलेल्या काचपट्टीवर पाण्यात कालवून पाहिली. खच पडला होता. चार पाकळ्या, आणि मधेमधे डमरू. ज्वारीच्या पानात असे काचेसारखे कण असतात, जाळले तरी जळत नाहीत, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी एका वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकानं सांगितलं. त्या दिवशी एवढंच कळलं की हे कडब्यातून आलंय. कडबा बैल खातो, बैलाचं शेण होतं, शेणाची गोवरी होते, आणि विभूती म्हणजे गोवरीचीच राख. मला राहवलं नाही. कपाळावर बोट फिरवलं, विभूतीचा कण काचेवर टेकवला आणि डोळा लावला. तिथंही ते होतं. माझ्या नावाचा जंतू मी रोज सकाळ-संध्याकाळ कपाळाला लावून हिंडत होतो.

खात्री म्हणून सरांच्या नव्या जातीच्या थेंबात तेजाब, म्हणजे ॲसिड, घातलं. मांस विरघळलं, खरे जंतू विरघळले, फुलं जशीच्या तशी राहिली. जीव असता तर गेला असता.

मी त्याच क्षणी सरांच्या खोलीत जायला हवं होतं. गेलो नाही. सर वर्गावर होते हे एक कारण, पण ते तासाभरात परत आले. मी हात धुतले, काचा पुसल्या आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशीही तोंडातून शब्द फुटला नाही. नोकरी जाईल ही भीती होती, ती तराजूवाल्या शिपायाच्या नशिबानं बसलेली. आणि दुसरं एक होतं, ते लिहायला आजही जड जातं. फळ्यावरचं ते नाव मला पुसायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी छापखान्यातून प्रूफं आली. नव्या जातीबद्दल सरांनी एका संशोधनाच्या नियतकालिकाला टिपण पाठवलं होतं, ते छापायला घेतलं होतं. चुका तपासून परत पाठवायची होती. सरांनी दोन तास बसून ती तपासली, माझी आकृती मला दाखवली, पाकिटात घातली आणि म्हणाले, मल्लप्पा, आजच्या टपालानं जाऊ द्या. पाकीट घेऊन मी पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटीपाशी उभा राहिलो. कितीतरी वेळ उभा होतो, पोस्टमास्तरांनी आतून बघितलंसुद्धा. आणि टाकलं.

नवव्या दिवशी सर प्रबंध टाइप करायला सोलापूरला निघाले होते. पिशवी खांद्यावर, गाडीची वेळ झालेली. तेव्हा मी दारात आडवा झालो.

"सर, ते जंतू न्हाईत."

"मग काय आहे?"

"कडबा."

सर हसले नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मी राखेची काच लावून दिली, मग कपाळाची, मग तेजाबाची. त्यांनी तिन्ही पाहिल्या. पुन्हा पहिली पाहिली. गाडी निघून गेली तरी डोळा खुर्दबिनीवरून उचलला नाही. मग म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

"नऊ दिवस झाले."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे प्रूफं तुम्ही टाकून आलात तेव्हा माहीत होतं."

मी मान हलवली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते. पोस्टात जाऊन त्यांनी तार केली. उत्तर आलं, छपाई झाली, आता थांबवता येणार नाही, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू.

त्यानंतरचं फार नाही. नवी जात गेली म्हणजे प्रबंधातला एकुलता एक नवा भाग गेला. मार्गदर्शकांची नाचक्की झाली, त्यांनी कळवलं की विषय बदला आणि दुसरा मार्गदर्शक बघा. प्राचार्यांनी सरांना दोनदा बोलावून घेतलं, दार लावून. मी बाहेर काचा पुसत उभा, आता माझी हाक येईल म्हणून. हाक आली नाही. मी राजीनाम्याचा कागद लिहून खिशात ठेवला होता, तो घामानं भिजून फाटला. जूनमध्ये सरांचं नाव हजेरीपटावर नव्हतं. लातूरच्या बाजूला एका हायस्कुलात ते विज्ञान शिकवायला लागले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. जाताना मला भेटले नाहीत. मला त्याचा राग आला होता, म्हणजे बघा माणूस कसा असतो. लातूर इथून किती लांब? सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. मी एकदाही गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार.

मी तिथंच राहिलो. दुसरे सर आले, गेले, मॅडम आल्या. काचा सोड्यानं धुतल्या, आणि कुणी नवीन काही सापडलं म्हणालं की आधी कोरी काच लावून दाखवायला लावायचो. पोरं मला चक्रम म्हणायची. अव्वा गेली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही की तो किडा नव्हताच. आणि सगळ्या वर्षांत मला एकच वाटत राहिलं, की प्राचार्यांनी मला विचारलं नाही, कारण काच धुणाऱ्याला कोण विचारतो. आपण त्यांच्या खिजगणतीत नव्हतो म्हणून वाचलो.

निवृत्तीच्या आठवड्यात जुनं कपाट रिकामं करायचं होतं. तळाशी सरांच्या हस्ताक्षरातली पाकिटं निघाली, त्यात दोन छापील कागद. एकावर माझी आकृती, खाली माझं नाव. दुसरं अर्ध्या पानाचं. माझं इंग्रजी जेमतेम, म्हणून त्या वेळच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमकडं नेलं आणि मराठीत सांगा म्हणालो. पाठक सर वारून तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती.

मॅडम वाचत गेल्या. अमुक नावाची जात रद्द समजावी. ते कण परजीवी नसून राखेतले आहेत. मग थांबून त्यांनी शेवटची ओळ सावकाश सांगितली. "काचसामान आणि खल राखेनं धुतल्यामुळं ही चूक झाली. धुण्याचं काम लेखकानं स्वतः केलं होतं, त्यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही."

मी खुर्चीवर बसलो. मॅडमसमोर न विचारता बसलो, तसं आधी कधी केलं नव्हतं. दार लावून प्राचार्यांना सरांनी काय सांगितलं असेल ते तेव्हा कळलं.

मॅडमनी कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि सहज विचारलं, "एवढे मोठे प्राध्यापक, स्वतः काचा धुवायचे?"

ह्या वेळी मी नऊ दिवस लावले नाहीत.

"न्हाय मॅडम," मी म्हणालो, "सरांनी कधी एक काचसुद्धा धुतली नाही. सगळ्या मीच धुतल्या."